यंत्राची खांदशेकणी

"यापेक्षा लहान नाही का?"

अमरावतीच्या बडनेरा रोडवरच्या देवीदासभाऊंच्या स्पेअरपार्टच्या दुकानात असा प्रश्न याआधी कोणी विचारला नव्हता. तिथे यायचे पोकलेनचे मालक नाहीतर ड्रायव्हर, आणि त्यांना लागायच्या बांगडीएवढ्या, कधी ताटाएवढ्या रबरी रिंगा. हा समोरचा चष्मेवाला तरुण मात्र श्रावणातल्या पावसात चिंब भिजून आला होता आणि चिमटीत धण्याएवढं काहीतरी धरून उभा होता. हेल्मेटमधलं पाणी काउंटरवर ठिबकत होतं, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं.

काउंटरमागे आचल होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यापासून ती इथे नोकरीला, आणि हे काउंटर तिचंच. तिने विचारलं, कोणत्या मशीनची रिंग आहे?

"पोकलेनची," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "पण… गुडघ्याएवढा आहे तो."

दुकानात बसलेले ड्रायव्हर खो-खो हसले. तो बिचारा हेल्मेटमध्येच काहीतरी शोधायला लागला. आचल हसली नाही. तिने मागच्या खणातून डिझेल पंपाच्या किटचं पाकीट काढलं, उलटंपालटं केलं आणि एक बारीकशी काळी रिंग बोटाच्या टोकावर घेऊन त्याच्यापुढे धरली. ती घेताना त्याचं ओलं बोट तिच्या बोटाला लागलं. दोघांनीही तसं काही झालंच नाही असं दाखवलं.

"किती दिवस टिकेल ही?"

"तुम्ही किती दिवस टिकता त्यावर आहे," आचल बोलून गेली. आणि मग घाईघाईने, "म्हणजे… तुमची मशीन."

तो हसला. झालं, इथून सुरू झालं.

त्याचं नाव सौमित्र. घर वकिलांचं, पण हा निघाला लोखंडाचा वेडा. एका खाजगी तंत्रनिकेतनात शिकवायचा. पुढच्या महिन्याभरात तो दुकानात कधी नळीचा तुकडा घ्यायला आला, कधी ग्रीस घ्यायला, कधी एकच एक स्क्रू घ्यायला. या मास्तराला एकदाच सगळं सामान लिहून आणता येत नाही का, असं देवीदासभाऊ मोठ्याने पुटपुटायचे. तेव्हा आचल खालच्या खणात वाकायची आणि हसू तिथेच संपवून वर यायची.

त्याची मशीन खेळण्यातली होती, पण खेळणं नव्हती. रिमोटवर चालायची एवढंच. आत खराच तेलाचा पंप, खरेच हायड्रॉलिक सिलेंडर, बारीक नळ्यांतून तेलाचा खरा दाब. बकेट मातीत घुसली की इंजिनाचा नाही, पण तेलाचा तो गुरगुरता आवाज अगदी मोठ्या पोकलेनसारखाच यायचा. सौमित्र सांगायचा, इंटरनेटवर सगळे नवी मशीन खोक्यातून काढून दाखवतात, तिची आरती करतात आणि विसरतात. वर्षभराने तिचं काय झालं ते कोणी दाखवत नाही. त्याला ते वर्ष दाखवायचं होतं. एकदा वर्ष सुरू झालं की नियम कडक होता. मशीन पुसायची नाही, धुवायची नाही, बंद पडेपर्यंत उघडायची नाही. फक्त तेल आणि बॅटरी. एवढ्यावर ती वर्षभर टिकली, तर अकोल्याची एक ड्रायव्हिंग संस्था नव्या पोरांचा हात बसवायला अशाच मशीन घेणार होती, आणि शिकवायला सौमित्रला.

अडचण एकच होती, मातीची. बाहेरच्या देशांत हे लोक वाळूत खेळतात, वाळू झटकली की गेली. आपली काळी माती ओली झाली की चिकटते, सुकली की दगड होते. खरी परीक्षा तिच्यातच. पण सौमित्रच्या अंगणात सगळी फरशी. आईच्या कुंड्या खोदून झाल्या होत्या, आणि त्यावरून घरात एक मोठं भांडणही झालं होतं.

"आमच्या वावरात या ना," आचल म्हणाली.

म्हणाली, आणि त्याच क्षणी जीभ चावली.

आता खोटं कशाला बोला, आचलला आपल्या बापाची लाज वाटायची. बाप वाईट नव्हता. खुशालराव पातूरजवळच्या गावातले शेतकरी, व्यसन नाही, भांडण नाही, पोरीला हवं तेवढं शिकवलेलं. पण बोलायचे मोठ्याने, चहा प्यायचे बशीत फुंकून, आणि लेकीचा फोन लागला की आधी "काहून वं, जेवली का?" असं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारायचे. आचल फोन घेऊन दुकानामागे जायची. सौमित्रशी ती तोलून-मापून, पुस्तकात लिहितात तशी बोलायची. एकदा "मला"च्या जागी तोंडातून "मले" निघालं, तर ती दिवसभर स्वतःवर चिडून होती.

पण सौमित्र आला. रविवारी दोघं अकोल्यापर्यंत बसने, पुढे जीपने. मशीन मांडीवर, आणि तिचं वजन नवरीच्या ट्रंकेएवढं. दर वेळी हे ओझं कोण नेणार, म्हणून ती गावातच ठेवायची ठरली. खुशालरावांनी आपणहून गोठ्यातली जागा झाडून दिली. त्यांचे बैल म्हातारे होऊन दोन सालांआड एकेक करून गेले होते, आणि नवी जोडी त्यांनी घेतली नव्हती, कारण नांगरटीला आता भाड्याचा ट्रॅक्टर येत होता. गोठा रिकामाच होता.

खुशालराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उकिडवे बसून तासन्‌तास मशीन पाहायचे. "आला का तुहा बैल कामाले?" असं सौमित्रला विचारायचे. सौमित्रने त्यांच्या हातात रिमोट दिला तेव्हा आधी त्यांनी हात धोतराला पुसले. आचल दुरून पाहायची आणि मनात म्हणायची, बाबा, आता काही बोलू नका… आता काही विचारू नका. सौमित्र मात्र त्यांच्याशेजारी धुऱ्यावर खुशाल मांडी घालून बसलेला असायचा.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. कपाशीच्या ओळीत मशीनने चर खोदले, उकरले, बुजवले. पट्ट्या घासल्या, पिना सैल झाल्या, नळ्या कडक झाल्या, पण सिलेंडरातून तेलाचा थेंब गळला नाही. आणि परतीच्या जीपमध्ये, खड्ड्यांचं निमित्त करून, दोन खांदे हळूहळू एकमेकांना टेकायला शिकले.

"हा रस्ता दुरुस्त होऊ नये," एकदा सौमित्र बाहेर पाहत म्हणाला.

"अर्ज करू का तसा?" आचल म्हणाली. तिनेही बाहेरच पाहिलं.

पोळा आला. त्या वेळी सौमित्र परीक्षेच्या कामात अडकला होता आणि आचल सणाच्या दिवशी दुपारी जेवायला येऊन संध्याकाळी परत गेली. गोठ्यात मशीन पोत्याखाली झाकलेली होती. तिने पोतं उचलून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्या चिखलाच्या थरात काय दिसणार होतं, कोणास ठाऊक.

पुढच्या शनिवारी अकोल्यात त्या संस्थेच्या पटांगणावर कार्यक्रम होता. वर्ष पूर्ण झालं होतं. काळ्या मातीचा ढीग घातलेला, भोवती संस्थेचे लोक, ड्रायव्हर, शिकणारी पोरं. खुशालरावही आले होते, नवी टोपी घालून, आचलच्या दोन पावलं मागे उभे.

मशीनने पहिली बकेट उचलली. दुसरी अर्ध्यावर आली आणि हात आपोआप खाली यायला लागला… हळूहळू, दमलेल्या माणसासारखा. सिलेंडरच्या तोंडाशी तेलाचा थेंब आला, मग दुसरा, मग धारच. सौमित्रने मशीन बंद केली. तिथेच, सगळ्यांसमोर, त्याने सिलेंडर उघडला. दांड्यावर ओरखडे होते, रिंग कुरतडलेली होती, आणि तिच्या खाचेत काळ्या मातीत मिसळलेला सुकलेला पिवळा लगदा होता. त्याने तो बोटावर घेऊन वास घेतला.

"हळद?"

"मास्तर, फोडणी द्याची राहिली काय?" मागून कोणीतरी म्हणालं. पटांगण हसलं. आणि सौमित्रही हसला.

आचलला सगळं एका क्षणात कळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात, आणि त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. रिकाम्या गोठ्यात तिच्या बापाने कोणाचे खांदे चोळले, हे तिला न सांगता समजलं. लोण्यावर माती बसली, सुकली, आणि कार्यक्रमाआधीच्या सरावात दांडा आत-बाहेर होताना रिंग खात गेली.

सौमित्रने तिच्याकडे पाहिलं. संस्थेच्या लोकांनीही पाहिलं. कोणी केलं हे, असं एकाने विचारलं. तिने विचार करायच्या आतच तिच्या तोंडातून शब्द निघाले, अगदी शुद्ध, स्वच्छ.

"आमच्याकडे एक गडी आहे कामाला. जरा अडाणी आहे. त्यानेच लावली असेल."

दोन पावलं मागे तिचा बाप उभा होता. तिने वळून पाहिलं नाही. मग तो ओळखीचा आवाज आला, या वेळी अगदी हळू.

"हो… गडीच असन. मी बोलतो त्याले."

संस्थेच्या लोकांनी पुन्हा कधीतरी बघू म्हटलं आणि ते चहाकडे वळले. सौमित्र मशीन आवरत मागे राहिला. अकोल्याच्या स्टँडवर खुशालरावांनी लेकीला अमरावतीच्या बसमध्ये बसवून दिलं, आणि बस सुटता सुटता खिडकीतून कागदात बांधलेली गरम कचोरी आत दिली. "खाऊन घेजो," एवढंच म्हणाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, कचोरी थंडगार झाली, आणि आचल ती मांडीवर घेऊन नुसती बसून होती. कोणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तिला वाटत होतं.

त्यानंतर रविवारी ती गावाला जाईनाशी झाली. फोनवर खुशालराव पूर्वीसारखेच विचारायचे, जेवली का, पाऊस हाय का तिकडं. त्या शनिवारबद्दल एक अक्षर नाही. एकदा तरी त्यांनी रागवावं म्हणून ती वाट पाहायची.

तिचे रविवार आता सौमित्रच्या घरी, व्हरांड्यात, मशीन दुरुस्त करण्यात जायचे. त्याची आई, ताराकाकू, निवृत्त शिक्षिका, प्रेमळ आणि बारीक नजरेच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी चहा देताना सांगितलं, त्या गड्याला फार बोलू नका बरं का, त्याला काय कळतंय बिचाऱ्याला. आचलने कप तसाच खाली ठेवला.

काम मोठं होतं. जुनं तेल काढलं, नळ्या बदलल्या, व्हॉल्व डिझेलमध्ये धुतले, दांड्यावरचे ओरखडे बारीक कागदाने घासून काढले. सिलेंडरचं एक टोक त्याने धरायचं, एक तिने. रिंग बसवताना दोन्ही डोकी इतकी जवळ यायची की दोघांनाही श्वास जपून घ्यावा लागे.

"मशीन बिघडली नसती," सौमित्र एकदा खालच्या आवाजात म्हणाला, "तर इतके रविवार तू माझ्या घरी आली असतीस?"

"नसते आले."

"मग त्या गड्याचे आभारच मानायला हवेत. भेटव ना एकदा."

आचलच्या हातातून रिंग निसटली. व्हरांडाभर शोधली तेव्हा ती पायपुसण्याखाली सापडली. रिंग शोधता शोधता गुडघ्यांवर बसलेल्या सौमित्रने चष्मा काढला आणि विचारलं, "आई-बाबांना घेऊन येऊ का, तुझ्या घरी?"

वर्षभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य आलं, आणि आचलला पळून जावंसं वाटलं. हे लोक घरी येणार. गड्याला बोलवा म्हणणार. आणि बाबा पुन्हा एकदा मान खाली घालून खोटं बोलणार, तिच्यासाठी.

"एवढ्यात… नको," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. माझ्यात काही कमी आहे का, असं त्याने विचारलं. तुमच्यात काही कमी नाही, ती म्हणाली. सौमित्रने रिंग तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिचा हात मात्र सोडला नाही. मग ती म्हणाली, "या. दिवाळी झाली की या."

ते आले तेव्हा वावरात कापूस फुटला होता. तिच्या आईने, आशाबाईंनी, सकाळपासून अंगण दोनदा सारवलं होतं. खुशालरावांनी शेजारून खुर्च्या आणल्या होत्या आणि स्वतः मात्र बाजेच्या कडेवर अवघडून बसले होते. आज ते बशीत चहा ओतत नव्हते. कपानेच पीत होते, आणि तोंड भाजून घेत होते. ते पाहून आचल पोहे आणायला आत वळली.

बोलणी गोडीत चालली. सौमित्रचे वडील, वकीलसाहेब, पिकापाण्याचं विचारत होते. मशीन पुन्हा चालू झाली, संस्थेने पुन्हा बोलावलंय, असं ताराकाकूंनी कौतुकाने सांगितलं. आणि मग हसत हसत म्हणाल्या, "तो तुमचा हळदवाला गडी कुठे आहे हो? सौमित्रला भेटायचं होतं त्याला."

"तो… सुटीवर हाय आज," खुशालराव म्हणाले. "गावाले गेला."

आचल पोह्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. आता गप्प राहिलं तर लग्न होईल, हे तिला स्पष्ट दिसत होतं. बोललं तर काय होईल ते दिसत नव्हतं. खोटारडी मुलगी, बापाला गडी म्हणणारी मुलगी, कोणतं घर अशी सून करून घेईल? तिने ताटली खाली ठेवली.

"आमच्या घरी गडी नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हता. हळद माह्या बाबांनी लावली होती. ते माह्या मागंच उभे होते, अन्‌ मी त्यांनाच गडी म्हटलं. मले लाज वाटली त्यांची."

वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला. आशाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. आचलने मान वर ठेवली, कारण आता पाहायचं तर सगळं पाहूनच घ्यायचं होतं.

ताराकाकू तिच्याकडे नाही, खुशालरावांकडे वळल्या. हलकेच विचारलं, "तुम्ही त्या मशीनला आवतणही दिलं होतं?"

"देल्लं ना," खुशालराव खाली पाहत म्हणाले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. वर्षभर राबला तो वावरात. दुसरं कोणाले देऊ, गोठ्यात कोणीच नव्हतं."

ताराकाकूंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी खाली ठेवलेली पोह्यांची ताटली स्वतः उचलली आणि आधी खुशालरावांच्या पुढे धरली.

सौमित्र मात्र जागचा उठला होता. "मला माहीत होतं," तो आचलला म्हणाला. "कार्यक्रमानंतर सोमवारी काका कॉलेजात आले होते. मीच हळद लावली म्हणाले, कोणतं तेल लागते सांग, आणून देतो. आणि म्हणाले, पोरीले सांगजो नको. तिले लाज वाटते, तर वाटू दे. सांगन तवा सांगन." त्याने खुशालरावांकडे पाहिलं. "मी वाट पाहत होतो. मग वाटलं, वाट पाहणारा मी कोण… सगळ्यांबरोबर मीही हसलो होतो, आचल. काकांच्या तोंडावर हसलो होतो."

आचलला ते ऐकवेना. ती स्वयंपाकघरात गेली. पाठोपाठ पाण्याचा तांब्या घ्यायच्या निमित्ताने खुशालराव आले.

"बाबा, चुकली मी," ती म्हणाली. आणि मग रडायलाच लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत.

खुशालराव तांब्या धरून उभे राहिले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

"तुहा आजोबा माह्या शाळेत आला होता एकदा," ते म्हणाले. "फाटकं धोतर, पायाले चिखल. गुरुजीनं इचारलं, हा कोण? मी म्हटलं, शेजारचा हाय." त्यांनी हात ठेवला. "तो मेला, पण मले कधी बोलला नाई त्यावरून. आता तुले सांगतो, उद्या तुह्या लेकरानं तुही लाज धरली, त त्याले मारजो नको. मोठं होऊ देजो."

ते तांब्या घेऊन बाहेर गेले. बाहेर खुर्च्या सरकल्या, वकीलसाहेब मोठ्याने काहीतरी म्हणाले आणि ताराकाकू हसल्या. आचलने पदराने तोंड पुसलं आणि मागच्या दाराने अंगणात आली. सौमित्र तिथेच उभा होता, आत यावं की नाही अशा बेतात.

"काय म्हणाले काका?"

"आपल्या लेकराले मारजो नको म्हणाले."

सौमित्र तिच्याकडे पाहतच राहिला. "आपल्या… कोणाच्या?"

"आपल्या," आचल म्हणाली. "माह्या बाबानं सांगतलं हाय. आता तुम्ही नाई म्हणू नका."